गिरजामायचं घर उभं आहे

माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर लोकांची घरं मोजली. हे सांगितलं की शहरातले नातेवाईक जरा निराश होतात. ग्रामसेविका म्हणजे गावात सभा घेणारी, बायकांचे गट चालवणारी, झालंच तर मंत्र्याच्या दौऱ्यात फाइल घेऊन धावणारी बाई, असं त्यांच्या डोक्यात असतं. तेही केलं. पण माझ्या पर्समध्ये तीस वर्षं जी वस्तू कायम राहिली ती म्हणजे मोजमापाची फीत. पन्नास फुटी, हिरव्या रंगाची. तिचा पहिला फूट नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बैलाच्या पायाखाली सापडून तुटला. नवी फीत मागायची तर अर्ज, मंजुरी, तीन दुकानांची दरपत्रकं. त्यापेक्षा मी शून्याऐवजी एकावर धरून मोजायला लागले आणि शेवटी एक वजा करायला लागले. ही युक्ती लोकांना समजावून सांगताना नाकी नऊ यायचे. एक फूट कमी केला म्हणजे बाई आपल्याला सवलत देते आहे, असं अर्ध्या गावाला वाटायचं. मीही पुढे पुढे समजावणं सोडून दिलं.

ज्यांना गावातल्या कारभाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रामपंचायत गावातल्या प्रत्येक घरावर कर बसवते, त्याला घरपट्टी म्हणतात. दर चार वर्षांनी घरं नव्यानं मोजायची. भिंती मातीच्या की विटांच्या, वर कवेलू म्हणजे कौलं, की टिना की स्लॅब, घर किती वर्षांचं, त्यात माणसं राहतात की दुकान चालतं, हे सगळं एका मोठ्या नोंदवहीत लिहायचं आणि त्यावरून कर ठरवायचा. त्या नोंदीची नक्कल म्हणजे घराचा उतारा. गावातल्या माणसाला जन्माच्या दाखल्यानंतर सगळ्यात जास्त वेळा लागणारा कागद तोच.

आणि कर वाढतोच. चार वर्षांत वायरमन वाढीव मागतो, पाण्यात टाकायची पावडर महागते, रस्त्यावरचे दिवे जातात. सरकारचा पैसा ज्या कामाला येतो त्याच कामाला वापरावा लागतो. बाकी गाव चालतं ते घरपट्टीवर. हे मला पटलेलं होतं आणि मी ते ठणकावून सांगायची. त्यामुळे फेरमोजणीचं वर्ष आलं की माझं नाव बदलायचं. एरवीची मॅडम तेव्हा टेपवाली बाई व्हायची.

फेरमोजणीत घरं आकसतात. माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. एरवी लग्नाच्या बोलणीत ज्या घराला पाच खोल्या असतात, त्याला माझ्यासमोर तीन उरतात. माडी म्हणजे अडगळ होते. बैठक म्हणजे सपरी, नुसती पडवी होते. आमच्या गावच्या पुरुषोत्तमभाऊंनी तर कहर केला होता. कापसाला एका वर्षी बरा भाव मिळाला तेव्हा त्यांनी स्लॅबचा नवा हॉल बांधला, खाली चकचकीत टाइल्स घातल्या. मी आणि आमचे शिपाई दौलतभाऊ मोजायला गेलो, तर हॉलच्या मधोमध एक बकरी बांधलेली. पुढ्यात पाल्याची पेंढी. टाइल्सवर तिचे पाय घसरत होते आणि ती बिचारी चारी पाय फाकवून उभी होती.

"हा कोठा हाये, मॅडम," पुरुषोत्तमभाऊ म्हणाले. "ढोराचा."

"भाऊ, कोठ्यात पंखा?"

"बकरीले गरमी होते."

दौलतभाऊ तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मी हॉल लिहिला. पुरुषोत्तमभाऊ त्यानंतर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि समोरून आले की घसा खाकरून जायचे.

हे गाव समुद्रपूरच्या बाजूचं. त्याला इथे मी धामणखेडा म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. माझी शेवटची नऊ वर्षं तिथे गेली. सरपंच प्रभाताई होत्या. त्यांचं शिक्षण जेमतेम आठवीपर्यंत, पण सही करण्याआधी कागद दोनदा वाचून घ्यायच्या. गावात त्यांच्याइतकं शांत माणूस मी पाहिलं नाही. पुरुषोत्तमभाऊंच्या गल्लीत, त्यांच्याही पलीकडे, अगदी शेवटी गिरजामायचं घर होतं. त्यापुढे नाला आणि शेतं. मी तिथे रुजू झाले तेव्हा गिरजामाय सत्तरीच्या आसपास असेल. तिचा मुलगा सुधाकर पुण्याकडे एका कंपनीत होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती एकटी राहायची, भल्या सकाळी हापशीवर जायची आणि पाण्यानं भरलेला पितळेचा गुंड डोक्यावर घेऊन सगळी गल्ली चालत यायची.

सून गावी येत नाही, हे तिचं एकच दुःख होतं. आली तर सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळी परत. गिरजामाय सुनेला दोष देत नसे.

"तिले पान्याची सवय नाई, बाई," ती मला सांगायची. "तिथं तोटी फिरवली का पानी. इथं हापशीवर जाच लागते, चार बाया पायतेत. माह्या नातीनं तं एकडाव इचारलं, आजी, इथं आंघोळ कुठून येते."

गावात नळ येणार, असं ती मी येण्याच्या आधीपासून ऐकत होती. तिचं साधं गणित होतं. दारात नळ आला की सून राहील, सून राहिली की नात राहील.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी दोन कामं एकदम आली. उन्हाळ्यात घरांची फेरमोजणी, आणि पोळा झाल्यावर गावाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा. नळयोजना त्या आराखड्यात बसणार होती.

मोजणीत आम्ही गिरजामायच्या घरी पोचलो ते भर दुपारी. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं, जणू पाहुणे यायचे होते. सुधाकरनं आदल्या वर्षी पैसे पाठवून मातीची एक भिंत पाडली होती आणि तिथे विटा-सिमेंटची बांधली होती. मागची खोली मात्र खरोखर खचलेली होती. एका कोपऱ्यात कवेलू उतरलं होतं आणि तिथून आभाळ दिसायचं. नियमानं बघितलं तर नवीन भिंतीमुळे घराचा वर्ग बदलत होता आणि कर बराच चढत होता.

मी वही उघडून उभी राहिले. गिरजामायनं आम्हाला गूळ-पाणी दिलं. ते पाणी तिनं कुठून, कसं आणलं असेल ते मला ठाऊक होतं. आणि मी एक गोष्ट केली. मागच्या खोलीकडे बघून मी अख्ख्या घरापुढे शब्द लिहिला, पडीक. पडीक म्हणजे पडलेलं, वापरात नसलेलं. अशा घराला फक्त मोकळ्या जागेचा कर लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

दौलतभाऊंनी वहीत डोकावून बघितलं. "मॅडम, माय तं राहून राह्यली इथं."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "तिला कोण विचारायला येतंय?"

ते फीत गुंडाळायला लागले. मी समाधानानं घरी गेले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पुरुषोत्तमभाऊंच्या बकरीला दाद दिली नाही आणि म्हातारीला सांभाळून घेतलं, म्हणजे आपण कायदाही पाळतो आणि आपल्याला काळीजही आहे, असं मनाशी म्हणत एसटीत बसले.

पोळ्यानंतर आराखड्याचं काम सुरू झालं. त्याची एक रीत आहे, आणि नोकरीतलं माझं सगळ्यात आवडतं काम तेच. गावाचा नकाशा कागदावर काढायच्या आधी जमिनीवर काढायचा. शाळेचं पटांगण झाडून घ्यायचं आणि गावकऱ्यांना म्हणायचं, काढा तुमचं गाव. रस्ते रांगोळीचे, घरं गेरूची, विहिरी निळीनं, झाडांच्या जागी डहाळ्या. पुरुष सुरुवातीला हाताची घडी घालून उभे राहतात. बायका थेट खाली बसतात, आणि अर्ध्या तासात गाव तयार. कुणाचं घर कुणाला लागून, कुणाच्या सांडपाण्यावरून कुणाशी भांडण, कुठे पावसात पाणी साचतं, हे बायकांना पाठ असतं. मग त्या नकाशाभोवती बसून ठरतं, की पाच वर्षांत कुठे नाली, कुठे दिवा, कुठे नळ.

गिरजामाय आली तेव्हा गेरू संपला होता. गल्लीच्या टोकाशी तिच्या घराची जागा रिकामी होती. प्रभाताई म्हणाल्या, "थांबा माय, गेरू आनून राह्यले." पण तिला धीर नव्हता. ती घरी गेली आणि कवेलूचा एक तुकडा घेऊन आली. बोटभर जाड, एका बाजूनं काळा पडलेला. रांगोळीतल्या नाल्याच्या अलीकडे तिनं तो ठेवला, मागे सरून बघितलं आणि परत वाकून थोडा तिरपा केला, कारण तिचं दार पूर्वेला होतं. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. दौलतभाऊंनी मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी नकाशा झाडून टाकताना तिनं आपला तुकडा उचलून पदराला बांधला.

आता माझी चूक सांगते. जमिनीवर गाव काढलं बायकांनी, पण नळयोजनेला जी यादी जोडायची ती निघाली नोंदवहीवरून. राहत्या घरांची यादी. संगणकावर एक बटण दाबलं की सहा पानं बाहेर येतात. पडीक घरं त्यात येत नाहीत. मी सहाही पानांवर सही केली. गिरजामाय त्यात नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. यादीवरून अभियंत्यानं पाइपलाइन आखली आणि त्या गल्लीतली लाइन पुरुषोत्तमभाऊंच्या दाराशी संपवली. त्याच्या कागदाप्रमाणे पुढे कोणी राहतच नव्हतं. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत आराखडा वाचला गेला, हात वर झाले, मंजूर झाला. गिरजामायनंही हात वर केला होता. तो मला आजही दिसतो, कारण तो सगळ्यात वर होता.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. मी कार्यालयात बसले होते. गिरजामाय आत आली आणि नेहमीसारखी खुर्चीवर न बसता टेबलासमोर उभी राहिली. तिनं पदराची गाठ सोडली, कवेलूचा तो तुकडा काढला आणि माझ्या फाइलवर ठेवला.

"हे माहं घर," ती म्हणाली. "नकाशात ठेवलं होतं का नाई मी?"

"ठेवलं होतं, माय. काय झालं?"

"सुधाकरचा फोन आलता. त्याले कंपनीत गावचा पत्ता दाखवाचा होता. त्यानं मोबाइलवर उतारा काढला. मले म्हने, माय, घर कवा पडलं? तू कुठं राहून राह्यली? सांगतलं काऊन नाई?" ती थांबली. तिचा श्वास फुलला होता, सगळं गाव चालून आली होती ती. "लेकरू रडून राह्यलं होतं, बाई. चाळीस वर्साचा मानूस. त्याले वाटलं, मी लोकाच्या सपरीत निजतो."

दौलतभाऊ दारात उभे होते, ते हळूच बाहेर गेले.

"म्या त्याले म्हनलं, घर उभं हाये, चूल पेटते, कोंबड्या हायेत. तं म्हने, कागदावर पडलं हाये." तिनं माझ्याकडे बघितलं. "तू लेहलं का?"

"मी लिहिलं, माय. तुमचा कर वाढू नये म्हणून."

"मी तुले म्हनलं होतं का?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी मान खाली घातली. आणि त्याच क्षणी मला ती सहा पानं आठवली. मी कपाट उघडलं, आराखड्याची फाइल काढली, गल्लीची लाइन बोटानं शेवटपर्यंत नेली. बोट पुरुषोत्तमभाऊंच्या घराशी थांबलं. नळ तिच्या दारात येणार नव्हता, आणि तो थांबवला होता मी.

हे तिला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. मग तुकडा परत पदराला बांधत म्हणाली, "मी सुनेले सांगून देलं होतं, उनाळ्यात येजो, नळ येऊन राह्यला."

त्या दिवशी मी एसटीत बसून रडले. माझ्या शेजारी एक बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिनं खिडकीची जागा मला दिली.

चूक दुरुस्त करायला एकच रस्ता होता. नोंद बदलायची, यादी बदलायची, आणि दोन्ही ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर करून घ्यायचं. म्हणजे चूक कशी झाली ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी आधी प्रभाताईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यावर कागद येईन."

"येऊ द्या."

"मंग सांगा तुमीच. मी वाचनार नाई ते."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. माझा आवाज एरवी चांगला खणखणीत, त्या दिवशी मात्र समोरच्या ओळीपर्यंत पोचेना. मी सांगितलं, की गिरजामायचं घर राहतं असूनही मी पडीक लिहिलं, मुद्दाम लिहिलं, आणि त्यामुळे तिचा नळ गेला. मग मागून पुरुषोत्तमभाऊ उठले. ते उठणारच होते.

"म्हंजे तिले सूट, अन् मले हॉल? माह्या बकरीचं काय पाप होतं?"

सभा हसली. पण ते काही सगळे प्रेमानं हसत नव्हते. कोणी म्हणालं, अजून कोणाकोणाले सूट देली ते सांगा. कोणी म्हणालं, आमचा कर वाढवून राह्यली अन् स्वतःच सूट वाटून राह्यली. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून मी ऐकत उभी राहिले. वाढलेला कर भरायला ज्यांना जड जात होता अशी माणसं त्या सभेत पुष्कळ होती. त्यांनाही मागची खोली होती, त्यांचंही कवेलू उतरलेलं होतं. मला दिसली ती फक्त एक म्हातारी.

तेवढ्यात बायकांमधून गिरजामाय उठली. तिला उठायला वेळ लागला, शेजारणीनं हात दिला. सभेत ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत असावी.

"बाईनं माह्या भल्यासाठीच केलं," ती म्हणाली. "मले राग नाई. पन कोनाले माहं भलं कराचं असन, तं मले इचारून करा. मी भरतो माहा कर. बाकीचे भरतेत तसा." मग जरा थांबून म्हणाली, "अन् माहं घर उभं हाये. कोनाले पायाचं असन तं चाला."

कोणी उठलं नाही. प्रभाताईंनी ठराव मांडला, आणि हात वर झाले. पुरुषोत्तमभाऊंचा हात शेवटी वर झाला, कोपरातून अर्धा.

ठराव झाला तरी नळ होत नाही, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक झालं होतं. अभियंता येऊन गल्ली बघून गेला. पुरुषोत्तमभाऊंच्या घरापासून पुढे रस्त्याखाली काळा पाषाण होता. तो फोडून लाइन न्यायची तर खर्च नव्यानं मंजूर करून घ्यावा लागणार, आणि त्याला किती काळ लागेल ते तो सांगू शकत नव्हता. "भाऊंच्या अंगणातून नेली तर आठ दिवसांत होईल," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला.

मी पुरुषोत्तमभाऊंकडे गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? गिरजामायही गेली नाही. असे पंधरा दिवस गेले. एक दिवस भाऊच कार्यालयात आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "नेऊन टाका पाईप आंगनातून."

मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट वर केलं. "पन त्या हॉलचं काही..."

"ते नाही होणार, भाऊ."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. दारापर्यंत गेले, परत वळले. "गिरजामायनं लहानपनी मले दूध पाजलं हाये. माह्या मायले टायफॉइड झालता तवा. गावाले मालूम हाये, तुमाले नसन मालूम." आणि गेले.

मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या वहीत भाऊंच्या घराची लांबी-रुंदी होती, पंख्यासकट.

खोदकाम सुरू झालं तेव्हा एक गंमत झाली. पाइपची रेघ बरोबर बकरीच्या खऱ्या कोठ्याखालून गेली. कोठा मोडावा लागला. बकरी ठेवायची कुठे? ती खरोखर आठ दिवस टाइल्सच्या हॉलमध्ये राहिली, पंख्याखाली. भाऊंनी मला मुद्दाम बोलावून ती दाखवली. "आता तं लिहा कोठा," म्हणाले. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकत्र हसलो.

गिरजामायच्या दारात पाणी आलं ते उन्हाळा लागता लागता. पाणी आलं तेव्हा मी तिथे होते. आधी तोटीतून नुसती हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ. तिनं गुंड खाली ठेवला. तो भरला तरी तोटी बंद करेना. दौलतभाऊ म्हणाले, "माय, वाया जाऊन राह्यलं." तेव्हा तिनं तोटी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मग मला म्हणाली, "नात येईन तं तिले दाखवीन." शाळेला सुट्या लागल्यावर सून आणि नात आल्या. सून पाच दिवस राहिली. गिरजामायनं आठ धरले होते, पण पाचांवरही ती खूश होती.

मला तालुक्याहून खुलाशाचा कागद आला. मी जे खरं ते लिहून दिलं. त्यावर समज देण्यात आली, म्हणजे पुन्हा असं करू नका असं एक पत्र सेवापुस्तकात लागलं. बाकीच्या नोकरीत माझ्याविरुद्ध एक ओळ नाही. ते पत्र मी जपून ठेवलं आहे, आणि ते वाचताना मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते. धामणखेड्याच्या आधी ज्या गावांत मी होते, तिथेही मी अशीच दोन-तीन घरं पडीक लिहिली होती. एक विधवा, एक अंध जोडपं, आणखी एक कोणीतरी. तेव्हाही मला स्वतःचं असंच कौतुक वाटलं होतं. बदली झाल्यावर मी त्या नोंदी बदलायला कधी गेले नाही. एकदा त्यातल्या एका गावच्या ग्रामसेवकाला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, त्या जागी आता मोकळं पटांगण आहे. माणसं कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या गावाला फोन करायचा मला धीर झाला नाही.

निवृत्तीच्या वर्षीच पुढची फेरमोजणी आली. दौलतभाऊ माझ्या आधी निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी माणूस मिळाला नव्हता, म्हणून मी एकटीच फीत घेऊन फिरत होते. ज्याचं घर त्यानंच दुसरं टोक धरायचं, अशी पद्धत पडली. पुरुषोत्तमभाऊंनी हॉल मोजताना फीत स्वतः ताणून धरली आणि नजर दुसरीकडे ठेवली.

गिरजामायच्या घरी पोचले तर अंगण सारवलेलं. ती आता काठी घेऊन चालत होती. सुधाकरनं मागची खचलेली खोली काढून टाकली होती आणि तिथे सुनेसाठी लहानशी न्हाणी बांधली होती. मी पुढच्या खोल्या मोजल्या. फितीचं टोक तिनं धरलं, भिंतीला टेकवलं, डोळे बारीक करून बघितलं.

"एकावर धरलं, बाई."

इतक्या वर्षांत ही गोष्ट मी तिला कधी समजावली नव्हती. तिनं बघून बघून ओळखली होती.

मी आकडे लिहिले, वही मिटायला लागले. दर नवे होते, कर चांगलाच वाढत होता. न्हाणी लहान आहे, राहून गेली तर कोण बघतंय, असं पुन्हा एकदा माझ्या मनात येऊन गेलं. माणूस इतक्या सहजी बदलत नाही. गिरजामाय जागची हलली नाही.

"न्हानी राह्यली," ती म्हणाली.

"माय, तिच्यानं कर अजून वाढतो."

"वाढू दे." तिनं काठी भिंतीला टेकवली आणि फितीचं टोक परत हातात घेतलं. "पडलेल्या घराले कोन कर लावते? लिही तू. सुधाकर पायते तिकडं मोबाइलवर."

मी वही उघडली. तिनं एकावर धरलं, मी दुसऱ्या टोकाला गेले, एक वजा केला आणि लिहिलं. न्हाणी, चार बाय पाच, विटा-सिमेंट, उभी. रकान्यात उभी असा शब्द लिहायची पद्धत नाही. तरी मी तो लिहिला, आणि या वेळी तिला वाचून दाखवला.